कागदावर सापडणारी विश्वे
(सापेक्षता सिद्धांतातील विश्वप्रतिरूपांची ओळख)

— बी. कॉम., भाग दोन



महाविद्यालयाच्या अंकात विज्ञानाचे लेख विज्ञान शाखेने लिहावेत आणि वाणिज्य शाखेने बँका, सहकार व अंदाजपत्रक यांवर लिहावे, असा एक अलिखित रिवाज आहे. तो बाजूला ठेवून प्रस्तुत लेखात विश्वरचनाशास्त्राविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. वर्तमानपत्रात कधीकधी 'विश्वाचे नवे मॉडेल' अशी बातमी येते आणि आपला असा समज होतो की, कोणीतरी मोठ्या दुर्बिणीतून काहीतरी नवे पाहिले. वस्तुतः अशी मॉडेले बहुधा प्रथम कागदावर सापडतात. काही समीकरणे सोडवून ती मिळतात, आणि मग त्यांची आकाशाशी गाठ घातली जाते. हे काम हिशेबाच्या जातीचे आहे. आपल्या भागात कन्नड बोलणारी माणसे दुकानातल्या हिशेबाला 'लेक्क' म्हणतात आणि शाळेतल्या गणितालाही 'लेक्क'च म्हणतात. त्यामुळे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला या विषयाच्या दारात उभे राहण्याचा थोडाफार अधिकार आहे, असे मी धरून चालतो.

या लेखात 'मॉडेल' या अर्थी 'प्रतिरूप' हा शब्द वापरला आहे. उच्च गणित टाळले आहे. पण जिथे बेरीज-गुणाकार करून पाहता येतो, तिथे वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन तो करावा, अशी विनंती आहे.

१. समीकरणाच्या दोन बाजू

१९१५ च्या नोव्हेंबर महिन्यात आइनस्टाइन यांनी बर्लिन येथे व्यापक सापेक्षता सिद्धांताची क्षेत्र-समीकरणे मांडली. न्यूटनच्या मते गुरुत्वाकर्षण हे एका वस्तूने दुसरीवर लावलेले बल. आइनस्टाइनने ते अवकाश आणि काळ यांच्या वक्रतेच्या रूपात पाहिले. समीकरणाच्या डाव्या बाजूस भूमिती, म्हणजे अवकाश-काल कोठे किती वाकला आहे याची नोंद. उजव्या बाजूस द्रव्य, म्हणजे घनता, दाब व ऊर्जेचा प्रवाह यांची नोंद. ताळेबंदाच्या दोन बाजू जशा जुळल्याच पाहिजेत, तशा या दोन बाजू प्रत्येक ठिकाणी व प्रत्येक क्षणी जुळल्या पाहिजेत.

दिसायला हे एक समीकरण असले तरी ती दहा समीकरणे आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली अवकल समीकरणे आहेत. शिवाय त्यांत एक मोठी अडचण आहे. दोन पेढ्यांचे ताळेबंद एकत्र करायचे झाले तर आपण रकमांची बेरीज करतो. येथे दोन उत्तरांची बेरीज केली तर येणारी गोष्ट उत्तर राहत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाची ऊर्जाही पुन्हा गुरुत्वाकर्षण निर्माण करते. त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी या समीकरणांचे सर्वसाधारण उत्तर कोणाला लिहिता आलेले नाही. जी उत्तरे आहेत ती सर्व काहीतरी सोपे गृहीत धरून मिळवलेली, एकेकटी आहेत.

विश्वाचे प्रतिरूप म्हणजे असे एक उत्तर, आणि त्याबरोबर आणखी दोन गोष्टी. पहिली भूमिती, दुसरी तिच्यातील द्रव्य कोणत्या प्रकारचे आहे त्याचा खुलासा, आणि तिसरी म्हणजे त्या द्रव्याबरोबर वाहत जाणारे निरीक्षक कोण, म्हणजे दीर्घिकांच्या जागी आपण कोणाला धरायचे याचा निर्णय. या तीन गोष्टींपैकी एक जरी सांगितली नाही, तरी प्रतिरूप अपुरे राहते.

२. पहिली प्रतिरूपे

१९१७ मध्ये आइनस्टाइन यांनीच पहिले प्रतिरूप दिले. विश्व स्थिर आहे अशी त्या वेळची समजूत होती. पण समीकरणे विश्वाला स्थिर राहू देईनात. द्रव्य आपल्याच गुरुत्वाने आत कोसळू पाहते. म्हणून त्यांनी समीकरणात एक जादा पद घातले. त्याला वैश्विक स्थिरांक म्हणतात. ते दूर लोटण्याचे काम करते. ओढ आणि लोट यांचा तोल साधून स्थिर विश्व मिळाले. पण तो तोल टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा होता. किंचित धक्का लागला की ते विश्व फुगत जाईल वा आकसत जाईल, हे १९३० मध्ये एडिंग्टन यांनी दाखवून दिले. १९१७ मध्येच हॉलंडच्या डी सिटर यांनी द्रव्यच नसलेले, केवळ वैश्विक स्थिरांक असलेले दुसरे प्रतिरूप दिले.

खरी वाट उघडली ती रशियातील अलेक्झांडर फ्रीडमन यांनी. १९२२ मध्ये पेट्रोग्राडहून त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विश्व स्थिर असलेच पाहिजे हा आग्रह त्यांनी सोडून दिला, आणि विश्वाचे आकारमान काळानुसार बदलू शकते अशी उत्तरे लिहून दाखवली. आइनस्टाइन यांनी त्याच वर्षी छापील टिपण लिहून हे उत्तर संशयास्पद ठरवले. १९२३ मध्ये मात्र दुसरे टिपण लिहून फ्रीडमन यांचे गणित बरोबर असल्याचे मान्य केले. फ्रीडमन १९२५ मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारले. बेल्जियमचे धर्मगुरू व गणिती लमेत्र यांनी १९२७ मध्ये स्वतंत्रपणे तेच उत्तर शोधले आणि दीर्घिकांच्या दूर जाण्याशी त्याची सांगड घातली. १९२९ मध्ये हबल यांची निरीक्षणे आली : जितकी दीर्घिका दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त. कागदावरचे उत्तर आधी आणि आकाशातला पुरावा मागून, असा हा क्रम आहे.

३. अज्ञाते किती, समीकरणे किती?

फ्रीडमन यांच्या प्रतिरूपात दोन गृहीतके आहेत. विश्व सर्वत्र सारखे, म्हणजे एकजिनसी आहे. आणि सर्व दिशांना सारखे, म्हणजे समदिक् आहे. या दोन वाक्यांनी दहा समीकरणांचा पसारा आटोपून दोनच स्वतंत्र समीकरणे उरतात. अज्ञाते मात्र तीन आहेत : विश्वाचे आकारमान, घनता व दाब. दोन समीकरणे आणि तीन अज्ञाते असली की उत्तर ठरत नाही, हे आपण आठवीत शिकलो. तिसरी अट बाहेरून आणावी लागते, आणि ती द्रव्याच्या स्वभावावरून येते. दीर्घिका एकमेकींवर दाब देत नाहीत, म्हणून दाब शून्य धरला तर त्याला 'धुळीचे विश्व' म्हणतात. सर्वत्र प्रारण भरलेले असेल तर दाब हा ऊर्जा-घनतेच्या एक-तृतीयांश असतो.

आता थोडा हिशेब करू. धुळीच्या विश्वात लांबी, रुंदी व उंची दुप्पट झाली तर आकारमान आठपट होते, आणि तितकीच धूळ आठपट जागेत पसरल्याने घनता एक-अष्टमांश होते. प्रारणाच्या बाबतीत घनता एक-षोडशांश होते, कारण जागा आठपट होतेच, शिवाय प्रत्येक किरणाची तरंगलांबी दुप्पट ताणली जाऊन त्याची ऊर्जा निम्मी होते. म्हणून आज प्रारण नगण्य असले तरी भूतकाळात मागे मागे जाताना एका टप्प्यावर प्रारणाचेच राज्य होते, हे एवढ्या तोंडी हिशेबावरून कळते.

फ्रीडमन यांच्या समीकरणाचा अर्थही साधा आहे. वर फेकलेला चेंडू आठवा. त्याची गतिज ऊर्जा आणि गुरुत्वाची ऊर्जा यांची बेरीज कायम राहते. मिल्न व मक्क्री यांनी १९३४ मध्ये दाखवले की, धुळीच्या गोळ्याला न्यूटनचे नियम लावले तरी हेच समीकरण हाती येते. चेंडूचा वेग कमी असेल तर तो परत येतो, पुरेसा असेल तर कायमचा निघून जातो. बरोबर सीमेवरच्या स्थितीत विश्वाचे आकारमान काळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते : अशा विश्वाचे वय हे आजच्या प्रसरण-दराच्या व्यस्ताच्या दोन-तृतीयांश असते.

प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांप्रमाणे प्रसरण-दर दर मेगापार्सेकला, म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला, सेकंदास ६७.४ किलोमीटर आहे. एका मेगापार्सेकचे किलोमीटर होतात ३.०९ गुणिले १० चा १९ वा घात. त्याला ६७.४ ने भागले, सेकंदांची वर्षे केली, की उत्तर येते सुमारे १,४५० कोटी वर्षे. त्याच्या दोन-तृतीयांश म्हणजे सुमारे ९७० कोटी वर्षे. आणि सर्वांत जुन्या तारकागुच्छांची वये निघतात सुमारे १,२०० ते १,३०० कोटी वर्षे! मुलाचे वय बापापेक्षा जास्त, असा हा प्रकार झाला. म्हणजे सपाट, केवळ धुळीचे प्रतिरूप हिशेबात कितीही सुबक असले तरी आपल्या विश्वाचे नव्हे. १९९८ मध्ये दोन संशोधक-गटांनी दूरच्या अतिदीप्त स्फोटक ताऱ्यांवरून दाखवले की, विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे. या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आइनस्टाइन यांनी टाकून दिलेला वैश्विक स्थिरांक पुन्हा जमेस धरावा लागला, आणि तो धरल्यावर वय येते सुमारे १,३८० कोटी वर्षे. तारे आता विश्वापेक्षा लहान ठरतात.

४. गृहीतके सैल केली तर

विश्व सर्व दिशांना सारखे आहे, हे गृहीतक सोडले तर काय होईल? अमेरिकेच्या एडवर्ड कॅस्नर यांनी १९२१ मध्ये दिलेले उत्तर याचा सर्वांत सोपा नमुना आहे. या विश्वात द्रव्य नाही. तीन दिशांना तीन वेगवेगळ्या घातांकांनी लांबी बदलते. अट एवढीच की, तीन घातांकांची बेरीज एक यावी आणि त्यांच्या वर्गांची बेरीजही एकच यावी. दोन-तृतीयांश, दोन-तृतीयांश आणि उणे एक-तृतीयांश हे घातांक घ्या. बेरीज एक. वर्ग चार-नवमांश, चार-नवमांश व एक-नवमांश. त्यांचीही बेरीज एक. हिशेब जुळला.

आता काळ १ असताना सर्व बाजू १ असलेला एक घन घ्या. काळ ८ झाला की पहिली बाजू ४, दुसरी बाजू ४ आणि तिसरी बाजू अर्धी होते. गुणाकार केला तर ४ गुणिले ४ गुणिले अर्धा, म्हणजे ८. आकारमान काळाच्या प्रमाणात वाढले, पण घनाची पोळी झाली! दोन दिशांना विश्व फुगते आणि तिसऱ्या दिशेने आकसते. सोपे वाटणारे समीकरण काय काय दडवून ठेवते, हे या उदाहरणावरून कळते.

एकजिनसी पण सर्व दिशांना सारखी नसलेली विश्वे किती प्रकारची असू शकतात, याची यादी आधीच तयार होती. इटलीचे गणिती बियांकी यांनी १८९८ मध्ये, सापेक्षता सिद्धांताच्याही आधी, त्रिमित अवकाशातील सममितींचे नऊ प्रकार पाडून ठेवले होते. विश्वशास्त्रज्ञांनी पुढे ते जसेच्या तसे उचलले.

दुसरे गृहीतक एकजिनसीपणाचे. तेही सोडता येते. लमेत्र यांनी १९३३ मध्ये, टोलमन यांनी १९३४ मध्ये व बाँडी यांनी १९४७ मध्ये अभ्यासलेल्या प्रतिरूपात धूळ एका केंद्राभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी मांडलेली असते. प्रत्येक पापुद्र्याचा हिशेब स्वतंत्र : कोणी आधी फुगायला लागला, कोणी उशिरा, कोणी परत कोसळेल, कोणी जात राहील. १९९८ नंतर काहींनी असा विचार मांडला की, आपण एका प्रचंड पोकळीच्या मध्यभागी असू, म्हणून प्रसरण वेगवान झाल्याचा भास होतो; वैश्विक स्थिरांकाची गरजच नाही. याच पापुद्र्यांच्या प्रतिरूपाने ते कागदावर जमलेही. पण सूक्ष्मतरंग प्रारण, स्थानिक प्रसरण-दर व दीर्घिका-समूह यांची मोजमापे एकत्र ठेवली तेव्हा ती कल्पना टिकली नाही. प्रतिरूप निरुपयोगी ठरले असे मात्र म्हणता येणार नाही. पर्याय तपासून बाद केल्यामुळेच मूळ निष्कर्षावरचा विश्वास वाढला.

आणि १९४९ मध्ये तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी आइनस्टाइन यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने एक विलक्षण विश्व दिले. ते सर्वत्र सारखे आहे, पण त्यातले सर्व द्रव्य भ्रमण करते. आणि त्यात पुरेशा वेगाने, पुरेसा मोठा फेरा घेणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात येऊन पोहोचू शकतो. गोडेलचे विश्व प्रसरण पावत नाही, म्हणून ते आपले नव्हे. परंतु समीकरणे स्वतःहून कालप्रवासाला मनाई करीत नाहीत, ही गोष्ट त्याने उघड केली.

५. 'नवे' म्हणजे काय?

येथे खरा अवघड प्रश्न येतो. एखाद्याने नवे उत्तर लिहिले. ते खरोखर नवे आहे हे कशावरून?

कॅस्नरच्या विश्वात घातांक एक, शून्य, शून्य घ्या. बेरीज एक, वर्गांची बेरीज एक; अट पुरी झाली. एक दिशा काळाबरोबर वाढते, दोन दिशा जशाच्या तशा. हे प्रसरण पावणारे एक नवे विश्व वाटते. प्रत्यक्षात ते गुरुत्वाकर्षणच नसलेले, सरळ, सपाट अवकाश-काल आहे. केवळ निर्देशक निराळे घेतल्याने ओळखू येत नाही. तीच गोष्ट डी सिटर यांच्या विश्वाची. १९१७ मध्ये ते स्थिर स्वरूपात लिहिले गेले होते. लमेत्र यांनी १९२५ मध्ये व रॉबर्टसन यांनी १९२८ मध्ये निराळे निर्देशक घेऊन ते प्रसरणशील स्वरूपात लिहिले. भूमिती एकच, पोशाख दोन.

आपल्या भाषेत सांगायचे तर खात्याचे नाव बदलले म्हणून रक्कम बदलत नाही. लेखापरीक्षक नाव न पाहता व्यवहार पाहतो. इथे व्यवहार म्हणजे अशा राशी, ज्यांचे मूल्य कोणत्याही निर्देशकांत तेच येते. वक्रतेपासून बनणाऱ्या अशा अचल राशी चार मितींत चौदा असतात. त्यांचा एक संच नारळीकर व करमरकर यांनी १९४९ मध्ये मांडला. हे नारळीकर म्हणजे विष्णु वासुदेव नारळीकर. जन्म १९०८, कोल्हापूर. केंब्रिजहून परतल्यावर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाची धुरा त्यांनी सांभाळली, आणि सापेक्षता सिद्धांताचे एक भारतीय केंद्र तिथे उभे राहिले. गुजरातचे प्र. चु. वैद्य त्यांच्याकडेच गेले आणि प्रारण फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे 'वैद्य उत्तर' १९४३ मध्ये त्यांनी दिले. विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांना महाराष्ट्र ओळखतो, आणि सीमाभागातील आपणही त्यांची पुस्तके वाचून वाढलो. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. कोल्हापूर आपल्यापासून किती जवळ आहे, हे वेगळे सांगायला नको.

६. जुळलेली तेरीज आणि खोटी नोंद

वाणिज्याच्या पहिल्या वर्षात आपण शिकतो की, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहेच असे नाही. तत्त्वाची चूक असेल, किंवा दोन चुका एकमेकींना भरून काढत असतील, तरी तेरीज जुळते. फरक राहिला तर तो सस्पेन्स खात्यात टाकूनही जुळवता येते.

आइनस्टाइनच्या समीकरणांतही अशी पळवाट आहे. द्रव्यापासून भूमिती काढणे कठीण आहे. पण उलट जाणे अगदी सोपे. मनात येईल ती भूमिती घ्या, तिची वक्रता काढा, ती समीकरणाच्या डाव्या बाजूस ठेवा, आणि उजव्या बाजूला जे काही येईल त्याला 'द्रव्य' म्हणा. समीकरण हमखास जुळते! पण ते द्रव्य पाहिले तर कुठे त्याची घनता ऋण असते, कुठे दाब असा की निसर्गात त्याचा मागमूस नाही. हे सस्पेन्स खाते झाले. म्हणूनच उजव्या बाजूच्या नोंदी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात : घनता ऋण नाही ना, ऊर्जा प्रकाशापेक्षा वेगाने वाहत नाही ना, हे द्रव्य खरोखर कशाचे बनले आहे?

दुसरी पळवाट अज्ञातांच्या संख्येतून येते. बियांकीच्या पहिल्या प्रकारच्या विश्वात तीन दिशांची तीन प्रमाणे, घनता व दाब मिळून पाच अज्ञाते असतात, समीकरणे चार. पाचवी अट बाहेरून घालावी लागते. ती द्रव्याच्या स्वभावावरून घातली तर तिला अर्थ आहे. पण पुष्कळ निबंधांत ती केवळ गणित सुटावे म्हणून घातलेली असते. उदाहरणार्थ, एका दिशेचे प्रमाण दुसऱ्या दिशेच्या अमुक घाताइतके आहे, असे धरले जाते. घातांक बदलला की नवे उत्तर, आणि नव्या उत्तराबरोबर नवा निबंध. असे उत्तर चुकीचे नसते. फक्त त्यात निसर्गाविषयी नवे किती आणि गृहीतकातच आधी भरून ठेवलेले किती, हे वाचणाऱ्याने विचारले पाहिजे. आपल्या देशात या विषयावर भरपूर लिहिले जाते. उद्या आपल्यापैकी कोणी गणितात संशोधनाला गेले, तर हा प्रश्न त्यांच्यासमोर पहिल्याच वर्षी उभा राहील.

७. रायचौधुरींचा प्रश्न

आता या सर्व खटाटोपातून हाती काय लागते, ते एका उदाहरणाने सांगतो.

फ्रीडमन यांच्या विश्वात मागे मागे गेले की एक क्षण असा येतो की घनता अनंत होते. त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. तेथे समीकरणे बोलायची थांबतात. पुष्कळांना वाटे की, हा दोष विश्वाचा नसून आपल्या गृहीतकाचा आहे. सर्व कण नेमके एकाच बिंदूकडे येतात, कारण आपण विश्व अतिशय सममित धरले. खऱ्या, ओबडधोबड विश्वात कण एकमेकांना चुकवून जातील. मग विश्वाला आरंभ होता की नाही, हा प्रश्न मोकळाच राहतो. आणि सगळी प्रतिरूपे एकेक करून तपासणे तर अशक्य.

कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी (जन्म १९२३, बारिसाल) यांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत नोकरीत असताना त्यांच्याकडून धातूंच्या गुणधर्मांवरील कामाची अपेक्षा होती. सापेक्षतेचे काम त्यांनी स्वतःच्या ओढीने चालू ठेवले. त्यांनी विशिष्ट उत्तर शोधलेच नाही. कोणतीही सममिती न धरता, द्रव्याच्या लहानशा पुंजक्याचे आकारमान कसे बदलते याचे एक समीकरण त्यांनी काढले. १९५५ मध्ये ते 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज जगभर 'रायचौधुरी समीकरण' म्हणून ओळखले जाते.

ते जमा-नावे पद्धतीने असे मांडता येईल. प्रसरणाला रोखणाऱ्या बाजूस तीन नोंदी : प्रसरण-दराचा वर्ग, पुंजक्याचा आकार बिघडवणारे कर्तन (घनाची पोळी करणारे, कॅस्नरमध्ये पाहिले ते), आणि घनता व दाब. प्रसरणाला साह्य करणाऱ्या बाजूस दोनच : भ्रमण आणि धन वैश्विक स्थिरांक. आता पाहा. विश्व वेडेवाकडे केले तर सिंग्युलॅरिटी टळेल, अशी आशा होती. पण वेडेवाकडेपणाची नोंद नेमकी उलट बाजूस पडते! भ्रमण नसेल आणि वैश्विक स्थिरांक नसेल, तर मागे जाताना पुंजक्याचे आकारमान मर्यादित काळात शून्याला पोहोचलेच पाहिजे. आणि तो काळ प्रसरण-दराच्या व्यस्तापेक्षा, म्हणजे वर काढलेल्या १,४५० कोटी वर्षांपेक्षा, जास्त असू शकत नाही. एका समीकरणाने असंख्य प्रतिरूपांचा निकाल लावला.

याच पायावर पेनरोज यांनी १९६५ मध्ये व पुढे हॉकिंग यांनी आपली प्रमेये उभारली. पेनरोज यांना २०२० चे नोबेल मिळाले. १९६३ मध्ये रशियाच्या लिफ्शित्झ व खलात्निकोव्ह यांनी सर्वसाधारण उत्तरात सिंग्युलॅरिटी नसते असा दावा केला होता. बेलिन्स्की यांच्यासह पुढील अभ्यासानंतर त्यांनी तो मागे घेतला.

पण कथा इथे संपत नाही. १९९० मध्ये स्पेनच्या होसे सेनोविल्या यांनी सिंग्युलॅरिटी नसलेले एक नेमके उत्तर प्रसिद्ध केले. त्यात भ्रमण नाही, वैश्विक स्थिरांक नाही, घनता धन, दाब प्रारणाचा. मग प्रमेये खोटी का? नाही. प्रमेयांची एक अट अशी की, द्रव्य कुठेतरी इतके दाटलेले असावे की प्रकाशही अडकून पडावा. सेनोविल्यांच्या दंडगोलाकार सममितीच्या विश्वात ती अट कुठेच पुरी होत नाही. खुद्द रायचौधुरींच्या समीकरणाशीही विरोध नाही, कारण ते असे धरते की द्रव्य केवळ गुरुत्वाने वाहते. येथे दाबातील फरक कणांना बाजूला ढकलतो. रायचौधुरी यांनी १९९८ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीला टेकलेले असताना, अशा भ्रमणरहित विश्वांविषयी प्रमेय दिले की, त्यांत घनतेसारख्या राशींची संपूर्ण विश्वावरील सरासरी शून्य असते. आपले विश्व तसे दिसत नाही. म्हणजे एक नवे प्रतिरूप आले, त्याने प्रमेयाची अट नेमकी कुठे आहे ते दाखवले, आणि त्यातून नवे प्रमेय निघाले. नवे प्रतिरूप शोधण्याचा खरा उपयोग हा असा असतो. ते आपले विश्व असलेच पाहिजे असे नाही.

८. आजची स्थिती

सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण १९६५ मध्ये सापडले. आपल्या स्वतःच्या गतीचा परिणाम वजा केला तर ते सर्व दिशांना लाखात एक भाग इतक्या फरकाने सारखे आहे. त्यामुळे विश्वाचे भ्रमण वा कर्तन असलेच तर अत्यंत अल्प असले पाहिजे. फ्रीडमन यांचे साधे प्रतिरूप, वैश्विक स्थिरांकासह, म्हणूनच टिकून आहे. तरी हिशेबात एक फरक राहिला आहे. प्लँकच्या मोजमापांतून प्रसरण-दर ६७.४ निघतो, जवळच्या ताऱ्यांवरून आणि स्फोटांवरून मोजला तर सुमारे ७३ येतो. हा फरक मोजमापाच्या पद्धतीत आहे की प्रतिरूपात, यावर आज वाद चालू आहे. शिवाय दीर्घिकांच्या मोठ्या सर्वेक्षणातून २०२४ व २०२५ मध्ये असे संकेत प्रसिद्ध झाले की, वैश्विक स्थिरांक म्हणून आपण जे धरतो ते कदाचित काळानुसार बदलत असावे. ते निर्णायक नाहीत.

हा फरक सस्पेन्स खात्यात टाकून मोकळे व्हायचे, की मूळ नोंदींपर्यंत मागे जायचे, हा प्रश्न आहे. वर पाहिलेल्या कसोट्या अशा वेळी कामी येतात. यापुढे 'विश्वाचे नवे मॉडेल' अशी बातमी वाचनात आली तर चार प्रश्न विचारावेत : हे जुन्याच विश्वाचे नवे नाव तर नाही? यातले द्रव्य खरे आहे का? जादा अट निसर्गाची आहे की सोयीची? आणि याने सांगितलेली कोणती गोष्ट आकाशात मोजून पाहता येईल?

हे प्रश्न विचारायला विज्ञान शाखेचा प्रवेश लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना या विषयाची भीती वाटते ती गणितापेक्षा इंग्रजी शब्दांची. कॅस्नरच्या घनाचा हिशेब मराठीत जितका जुळतो तितकाच कन्नडमध्येही जुळतो. अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांपैकी कोणी पुढील वर्षी गोडेलच्या विश्वावर लिहिले, तर तो लेख मी आवर्जून वाचेन. तोपर्यंत वाचकांनी कॅस्नरच्या दोन्ही अटी पाळणारे आणखी एखादे घातांकांचे त्रिकूट शोधून पाहावे. एक, शून्य, शून्य हे सोडले तर प्रत्येक त्रिकुटात एक घातांक ऋण का येतो, याचाही विचार करावा. वर्गांची बेरीज डोळ्यांसमोर ठेवली तर कारण सापडेल.